नाकाची साक्ष

११ एप्रिल, शुक्रवार

आजचा तास न्यायसिद्धान्तमुक्तावलीचा. विश्वनाथ पंचाननाच्या नावावर असलेला हा सतराव्या शतकातला ग्रंथ. विद्यार्थी त्याच्या नावाच्या लांबीलाच बिचकतात, पण पृथ्वीच्या प्रकरणात शिरलं की त्यांना एकदम स्वयंपाकघरात आल्यासारखं वाटतं.

ग्रंथकाराला सिद्ध करायचंय की नाक हे इंद्रिय पृथ्वीचं बनलेलं आहे. का, तर रूप, रस, गंध, स्पर्श यांपैकी ते एकटा गंधच उघड करतं. दृष्टांत गाईच्या तुपाचा. केशराचा वास तुपात खुलतो. तूप नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्र मानणाऱ्यांच्या, हिशेबात पार्थिव, म्हणून नाकही पार्थिव. इथे शंकाकार उठतो. नव्या मातीच्या परळात पाणी ओतलं की वास सुटतो, मग पाणीही पार्थिव म्हणायचं का? उत्तर तयार असतं: नाही, कारण तेच पाणी सातूच्या पिठाची चवसुद्धा खुलवतं. नाकासारखं ते गंधापुरतं नाही.

हे वाचताना विद्यार्थी हसले. हसावं असंच आहे. नाक मातीचं नाही, आणि हे अनुमान आज कुणी मांडलं तर मीच त्याला नापास करीन. पण तूप आणि केशर हे निरीक्षण पक्कं आहे. वासाचे बरेचसे रेणू पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चटकन विरघळतात. फोडणी तेलाची असते, पाण्याची नसते, त्याचं निम्मं कारण हेच.

एकीने विचारलं, "मॅडम, नवं परळ आणि पाणी म्हणजे पहिल्या पावसाचाच वास ना?" मला त्या विषयाचा थोडा कंटाळा आहे, त्याच्यावर फार लिहून झालंय. तरी सांगितलं. १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी 'नेचर'मध्ये त्याला 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीतून हाच वास काढून चंदनाच्या तेलात धरतात, याची त्या दोघांना माहिती होती. ओल्या मातीच्या वासातला एक मोठा वाटा जिओस्मिनचा, आणि ते तयार करतात मातीतले जिवाणू. म्हणजे मातीचा म्हणतो तो वास बराचसा मातीत राहणाऱ्यांचा. पृथ्वीचं लक्षणच गंध मानणाऱ्या नैयायिकाला हे कसं पचलं असतं? माझ्या मते सहज पचलं असतं. पाण्यात किंवा वाऱ्यात वास आला तर तो त्यात मिसळलेल्या पार्थिव कणांचा, हे त्याचं ठरलेलं उत्तर आहे. जिवाणूंनाही त्याने पार्थिव खात्यात टाकलं असतं.

१३ एप्रिल, रविवार

काल हनुमान जयंती झाली, आज गोडा मसाला. आईच्या वेळापत्रकात यात बदल नाही. बदल एकच. गेल्या थंडीतल्या तापानंतर तिचा वास गेला आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सराव दिलाय: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी अशा चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि हुंगताना तो वास मनात आणायचा. ही पद्धत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांची, २००९ पासून जगभर चालते. आई ती निष्ठेने करते आणि प्रत्येक बाटलीनंतर "काही नाही" म्हणते.

तर प्रश्न असा की मसाला भाजायचा कुणी? भाजणार तीच. मी शेजारी उभी राहून नाक पुरवायचं, असं ठरलं. धणे झाले, तीळ झाले, खोबरं झालं. खोबऱ्याला मी "आता खमंग झालं" म्हटलं, तर तिने कढईत डोकावून आणखी मिनिटभर परतलं. "तुझा काय भरवसा, तू करपलेलंही खमंग म्हणतेस."

मग दगडफूल. ते आधी निवडावं लागतं, त्यात सालीचे तुकडे आणि बारीक खडे असतात. वरून राखाडी, खालून काळं, कागदासारखं हलकं. हातात घेतलं तर वास जवळजवळ नाहीच, जुन्या वाळक्या पानांचा यावा तेवढा. चमचाभर तेल तापवून त्यात टाकलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कडा आत वळायला लागल्या, राखाडी रंग काळपट झाला, तेल त्याने पिऊन टाकलं. "काढ आता, वास सुटला," आई म्हणाली. आणि त्याच क्षणी, तिच्या बोलण्याच्या आधी की नंतर ते सांगता येणार नाही, माझ्या नाकात तो उग्र, लाकडी, धुरकट वास शिरला.

"तुला आला?"

"मला कुठला येतोय. पण सुटलाय ना?"

मुक्तावलीत दगडाबद्दलही एक वाद आहे. पृथ्वीचं लक्षण गंध, तर दगडाला वास का नाही? उत्तर असं की दगडालाही गंध आहे, फक्त तो उत्कट नाही. तसं नसतं तर दगड जाळल्यावर त्याच्या राखेला वास कुठून आला असता? दगडफूल हा दगड नव्हे, दगडावर आणि झाडांच्या सालीवर वाढणारं शैवाक. तरीही ही ओळ लिहिणाऱ्याच्या घरी कढई होती असं मला दरवेळी वाटतं.

१५ एप्रिल, मंगळवार

परवाचा प्रसंग मी वर्गात सांगितला, कारण तो थेट पाठ्यपुस्तकातला आहे. न्यायशास्त्रात 'सुरभि चंदन' नावाचं प्रसिद्ध उदाहरण आहे. चंदनाचं खोड लांबून दिसतं. वास येण्याइतकं ते जवळ नाही. तरी बघणारा म्हणतो, हे सुगंधी चंदन आहे. यातलं 'सुगंधी' त्याला कशाने कळलं? नव्य नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानेच. डोळ्यांचा गंधाशी नेहमीचा संबंध येऊ शकत नाही हे मान्य. पण पूर्वी घेतलेल्या वासाचं ज्ञान हेच इथे इंद्रियाला जोडणारा दुवा बनतं. याला ज्ञानलक्षण सन्निकर्ष म्हणतात, अलौकिक प्रत्यक्षाच्या तीन प्रकारांपैकी एक.

वेदान्तपरिभाषाकार धर्मराजाध्वरींद्राला हे मंजूर नाही. त्याचं म्हणणं, चंदन हा भाग प्रत्यक्ष आणि सुगंध हा भाग परोक्ष. एकाच ज्ञानाचे दोन वाटे.

वर्गाचं मत एकमुखाने वेदान्त्याच्या बाजूने पडलं. "मॅडम, त्या आजींना आठवलं, एवढंच झालं." मग मी बोर्दोची गोष्ट सांगितली. २००१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. तिथल्या विद्यापीठात वाइनचं शास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना आधी पांढरी आणि लाल वाइन हुंगायला दिली आणि वर्णन करायला सांगितलं. नंतरच्या बैठकीत तीच पांढरी वाइन वास नसलेला लाल रंग घालून दिली. त्यांनी तिच्या वासाला लाल वाइनचे शब्द वापरले. आता इथे डोळ्यांचा भाग कुठे संपला आणि नाकाचा कुठे सुरू झाला, ते दाखवा. दोन वाटे करणं कागदावर सोपं आहे. वास घेताना आपण आधीच बघितलेलं, ठाऊक असलेलं, नाव दिलेलं असं सगळं त्यात मिसळून बसतो, आणि नंतर ते निवडता येत नाही. माझा कौल नैयायिकाला.

मागच्या बाकावरच्या मुलाने मात्र चांगला पेच टाकला. दगडफूल जुनं, वास उडालेलं असतं तर? आजींनी तरी "सुटला" म्हटलंच असतं. खरंय. त्या वेळी तिचं नाही, माझं नाक खरं ठरलं असतं. नैयायिक यावर म्हणेल की मग ते ज्ञान अप्रमा, चुकीचं प्रत्यक्ष. पण चुकीचं असलं तरी प्रत्यक्षच! मुलाचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण नाही, पण घंटा झाली.

२० एप्रिल, रविवार

दिवसभर वाचन. पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनी नाकाला दिलेली वागणूक बघून कीव येते. प्लेटोला 'टिमियस'मध्ये वासांचे प्रकारच सापडत नाहीत. सुखद आणि दुःखद, बस. (आपल्याकडेही तर्कसंग्रहात सुरभि आणि असुरभि असे दोनच. चवीला सहा खाती आणि वासाला दोन. तेव्हा छाती फुगवायचं कारण नाही.) कांटने १७९८ च्या 'मानवशास्त्रा'त घ्राण हे सर्वांत कृतघ्न आणि सर्वांत अनावश्यक इंद्रिय ठरवलं. त्याची खरी तक्रार वेगळी आहे. बघायचं नसेल तर मान वळवता येते, पण वास श्वासाबरोबर शिरतो, परवानगी विचारत नाही. रुमालाला अत्तर लावून भर मंडळीत तो बाहेर काढणारा माणूस सगळ्यांवर आपली आवड लादतो, असं तो आधीच्या एका ग्रंथात, संगीताच्या आवाजाबद्दल बोलता बोलता म्हणतो. शेजारच्या मंगल कार्यालयात लग्नसराईत राहून दाखवावं, मग संगीत आणि वास दोन्हीबद्दल मी त्याच्याशी सहमत.

नेमकी उलटी तक्रार पाली संयुत्तनिकायात आहे. वनात राहणारा एक भिक्खू तळ्यात उतरून कमळाचा वास घेतो. वनदेवता त्याला हटकते: न दिलेलं घेतोस, तू गंधचोर आहेस. तो म्हणतो, मी फूल तोडलं नाही, लांबून वास घेतला. शेजारी कमळं मुळासकट उपटणाऱ्याला तू काही बोलत नाहीस! देवता म्हणते, त्याला बोलून उपयोग नाही; तुझ्यासारख्या निर्मळ माणसाच्या अंगावर केसाएवढा डागही ढगाएवढा दिसतो. कथेचा रोख अर्थात साधनेवर आहे. पण मला त्यातलं भौतिक सत्य आवडतं. वास घेणं म्हणजे वस्तूचा अंश खरोखर आत घेणं. बघण्याने कमळाचं काही जात नाही, हुंगण्याने जातं, कितीही थोडं असो.

किती जातं, हा प्रश्नही कुणी सोडलेला नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात जीव अणूएवढा आहे की विभू, म्हणजे सर्वव्यापी, असा वाद चालतो. अणू म्हणणाऱ्याचा युक्तिवाद असा: फूल एका जागी असतं, तरी वास लांब पसरतो, तसा जीव एका जागी राहून चैतन्य सगळ्या शरीरात पसरतं. फुलातून कण जात असते तर फुलाचं वजन घटलं नसतं का? शंकराचार्य हे खोडून काढतात. गुण आपला आश्रय सोडून एकटा भटकत नाही. वास गेला तर द्रव्याचे कण त्याच्यासोबत गेलेच, सूक्ष्म म्हणून कळत नाहीत. कण उडतात याबाबत आचार्य आणि आजचा रसायनशास्त्रज्ञ एका बाजूला, आणि सगळा खटाटोप आत्म्याचं माप काढण्यासाठी! फुलाचं वजन आणि आत्म्याचा आकार एका श्वासात घेणारं तत्त्वज्ञान मला कांटपेक्षा जास्त जवळचं वाटतं.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांपैकी कोंदियाकचा पुतळा राहिला. १७५४. संगमरवरी पुतळ्याला एकेक इंद्रिय द्यायचं, सुरुवात नाकापासून. त्याच्यापुढे गुलाब धरला तर आपल्याला तो गुलाब हुंगणारा पुतळा दिसेल, पण पुतळ्याच्या लेखी तो स्वतःच गुलाबाचा वास असेल. बाहेर काही आहे हे त्याला नाकाने कधीच कळणार नाही. त्यावर उद्या बोलू वर्गात.

२४ एप्रिल, गुरुवार

सकाळी जिन्यात गॅसचा वास. चारही मजल्यांवरची माणसं बाहेर, आणि वास कुठून येतोय हे कुणालाच सांगता येईना. वरच्या वहिनी म्हणत खालून, खालचे काका म्हणत वरून. डोळ्याने असा घोळ झाला नसता, कानानेही कदाचित नाही. नाक एवढंच सांगतं की आहे. कुठे आहे, कशाचं आहे, हे त्याच्या अखत्यारीत नाही. क्लेअर बॅटी नावाची आजची एक तत्त्वज्ञ जवळपास हेच म्हणते: घ्राणाच्या अनुभवात वस्तू नसतात, 'इथे काहीतरी असं असं आहे' एवढाच आशय असतो. नैयायिकांनी ते आपल्या भाषेत नोंदवलं आहे. डोळा आणि त्वचा द्रव्य पकडतात. नाक, जीभ आणि कान फक्त गुण पकडतात.

दिशा हवी असेल तर चालावं लागतं. २००७ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी गवतात चॉकलेटच्या वासाची रेघ ओढली आणि विद्यार्थ्यांना डोळे-कान बंद करून हातापायांवर रांगायला लावलं. बहुतेकांना रेघ धरता आली. आमच्या जिन्यात कुणी रांगलं नाही, पण वॉचमन मामा दाराच्या फटीशी वाकून वाकून हुंगत दुसऱ्या मजल्यावर जाऊन थांबले. त्या घरात रेग्युलेटर नीट बसला नव्हता. आम्ही सगळे छाती ठोकून "गॅसचा वास" म्हणत होतो, आणि गॅसला वास नसतोच. येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत साठलेल्या वासहीन गॅसचा स्फोट होऊन सुमारे ३०० मुलं-शिक्षक दगावले, त्यानंतर गॅसला वास देणं सक्तीचं होत गेलं. तेव्हा आज सकाळी आम्हाला झालं ते गॅसचं प्रत्यक्ष नव्हे, धुरावरून अग्नीचं व्हावं तसं अनुमान. फरक इतकाच की या ठिकाणी धूर माणसाने स्वतः पेरून ठेवलेला आहे.

हा सगळा गोंधळ चालू असताना आई ओट्यापाशी चहा करत होती. दार उघडं, शेगडी पेटलेली. तिला काहीच कळलं नाही. हे सुचायला नको इतक्या उशिरा मला सुचलं.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

आईला वास यायला लागला. आनंदाने लिहावं अशी बातमी, पण कांद्याची फोडणी घातली आणि ती पदर नाकाला लावून बाहेर गेली. "गटार तुंबल्यासारखं." कॉफी, तेच. माठात वाळा घातला होता, त्याचं तिला काहीच नाही. लवंग मात्र थोडी लवंगेसारखी.

याला पॅरोस्मिया म्हणतात. नाकातल्या गंधपेशी आयुष्यभर मरतात आणि नव्या तयार होतात. मोठी पडझड झाल्यावर नव्यांची मेंदूशी जोडणी एकदम पुरी होत नाही. माणसात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आहेत, आणि एकेक वास म्हणजे त्यांच्यातल्या काहींनी मिळून दिलेली वर्दी. या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ चं नोबेल मिळवलं. निम्मेच हजर असतील तर वर्दी वेडीवाकडी येणार. कॉफीचा दरवळ ज्यांनी बनतो त्यातले काही गंधकयुक्त रेणू अशा माणसांना हमखास घाण वाटतात.

मला यातला भ्रमाचा प्रश्न सोडवत नाही. दोरी साप वाटली, दिवा आणला, साप गेला. इथे दिवा कुठला आणायचा? आईला पक्कं ठाऊक आहे की कढईत कांदा आहे. ठाऊक असून घाण जात नाही. याला शास्त्रातला जवळचा दृष्टांत पिवळ्या शंखाचा: कावीळ झालेल्याला शंख पांढरा असतो हे माहीत असतं, तरी तो पिवळाच दिसत राहतो. पण शंखाच्या बाबतीत निदान निरोगी डोळा कोणता, यावर एकमत आहे. वासात तेही धड नाही. अँड्रोस्टेनोन नावाचा घामातला एक रेणू काहींना लघवीसारखा वाटतो, काहींना गोडसर आणि काहींना अजिबात येत नाही. तिघेही निरोगी. त्यांच्या एका ग्राहीच्या जनुकात फरक असतो. मोगऱ्यातलं इंडोल विष्ठेतही असतं. मग मोगरा हुंगून सुखावणारी मी बरोबर, आणि त्यात काहीतरी कुजकं पकडणारा चूक, हे कुठल्या नाकाच्या साक्षीने ठरवायचं?

आई म्हणाली, "तुझं ते ठरेपर्यंत कांदा घालू नकोस." आज आमरस-पुरी आणि बिनकांद्याची बटाट्याची भाजी.

५ मे, सोमवार

जॉय मिल्न यांच्याबद्दल एका विद्यार्थिनीने टिपण आणलं. स्कॉटलंडमधल्या या परिचारिकेला नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचं जाणवलं, आणि बऱ्याच वर्षांनी त्याला पार्किन्सन्स निघाला. एडिनबरात चाचणी घेतली तेव्हा रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे टी-शर्ट त्यांना हुंगायला दिले. त्यांनी एका निरोगी माणसाचा शर्ट रुग्णाचा म्हणून सांगितला. चूक धरली गेली. काही महिन्यांनी त्या माणसालाही तोच आजार निघाला.

चरकाने वैद्याला सांगितलंय की परीक्षा सगळ्या इंद्रियांनी कर, फक्त जीभ वगळ. रुग्णाच्या देहाचा वास हुंगूनच घ्यायचा. मिल्नबाईंच्या नाकाला आजाराचं नाव माहीत नव्हतं, तरी ते साक्ष देत राहिलं. नाव देणारे मागाहून आले.

९ मे, शुक्रवार

गॅस डिटेक्टर आणला. आईचा विरोध होता, कारण बसवणारा मुलगा टाइल्सना भोकं पाडणार. तो यंत्र पंख्याजवळ, उंचावर लावायला निघाला होता. "ताई, धूर वरच जातो ना." धूर जातो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. यंत्र जमिनीपासून वीतभर उंचीवर लागलं पाहिजे. पुस्तिकेतलं चित्र दाखवल्यावर त्याने मानलं.

चाचणीसाठी त्याने लायटरमधला गॅस यंत्रापुढे सोडला आणि ते किंचाळलं. यंत्राची मजा अशी की त्याला मर्कॅप्टनशी कर्तव्य नाही, ते थेट गॅसच ओळखतं. आम्हाला वास कळतो आणि गॅस कळत नाही, त्याला गॅस कळतो आणि वास नाही. त्याला साक्षीदार म्हणायचं की नाही, यावर सोमवारी वर्गात वाद लावून देणार आहे. अत्तराच्या किंवा सॅनिटायझरच्या वाफेनेही ते कधीकधी बोंबलतं, असं मुलगा जाता जाता सांगून गेला. म्हणजे भ्रमही होतो.

आईला वेगळीच काळजी. ओट्याखाली, वीतभर उंचीवर, म्हणजे रोज फरशी पुसताना बाई त्याला फडकं मारणार. त्यात पाणी गेलं तर? मुलगा तोवर जिना उतरून गेला होता. आता सोमवारी त्याला फोन करायचा.